बर्फात चालणारी काठी

"काका, ट्रेक कुठला?" दुकानातल्या मुलीने विचारलं.

ट्रेक हिमालयातला, आणि माझा नव्हे, बायकोचा. जाणार दोघं होतो. डॉक्टरांनी माझ्या हृदयाला उंची मना केली. आता ही मैत्रिणींबरोबर निघाली होती. मनासारख्या काठ्या मिळाल्या नाहीत तर बेत बारगळेल, अशी मला एक क्षीण आशा होती.

म्हणून मी एकेक काठी फरशीवर आपटत होतो. ही हलकी, खडकात मोडेल. ती जड, चढावर हात भरून येतील. तिसरीचा खटका सैल.

"अहो, लग्नासाठी मुली बघतानासुद्धा तुम्ही इतकी नाकं मुरडली नव्हतीत," म्हणत हिने सगळ्यात स्वस्त जोडी उचलली. "हीच द्या."

"ती बर्फात रुतेल!" मी ओरडलो. बर्फासाठी टोकाला रुंद चकती लागते. तशी जोडी माझ्या पाठीमागेच टांगलेली होती. मी ती काढली, हिच्या कोपराचा काटकोन होईल इतकी लांब केली. "उतरताना अजून थोडी वाढव."

"वाढवते," ही म्हणाली. "आल्यापासून तिला झाकून उभे होतात. तेव्हाच म्हटलं, चांगली तीच असणार."