सुधारित आवृत्ती

शहाण्णव साली वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि जुना प्रिंटर रुसून बसला. कॉम्प्युटर कंपनीच्या जाडजूड पुस्तकात त्याचं साधं नावही नव्हतं. शेवटी टायपिस्ट सगुणाताईंनी आठवडाभर खटपट करून तो चालू केला आणि काय काय केलं ते ओळीनं वहीत उतरवलं.

"मॅडम, ही तर अळूवड्यांची कृती वाटतेय!" कंपनीचा इंजिनीअर हसला. जाताना मात्र वहीची झेरॉक्स घेऊन गेला.

सहा महिन्यांनी कंपनीचं नवं पुस्तक आलं. ताईंनी आधी प्रिंटरचं पान उघडलं.



सुबक इंग्रजीत छापलं होतं : 'पायरी चौथी. मशीन बंद करून गेटबाहेरच्या दामाजीकडे एक कटिंग पिऊन यावे.'