मऊ भाकरीचं अंतर
केरबाच्या घराण्यात लेक देण्याचं त्याच्या आज्यानं घालून दिलेलं एकच माप होतं: पहाटे थापलेली भाकरी मऊ असेपर्यंत जिथं पोचता येईल, तिथंच सोयरीक करायची. त्याच्या लेकीला, मोनाला, पसंत पडलेला मुलगा मात्र दुबईत नोकरीला. "आबा, मुंबईपासनं तीन तासांचं तर विमान हाय!" मोना विनवायची. "आणि कोल्हापुरातनं मुंबई गाठायला आठ तास लागत्यात, ते कुणी धरायचं?" केरबा हिशेबात कधी हरायचा नाही. शेवटी मुलाचं घर बघायचा रिवाज पाळायला मोनाची आई, चिमणाबाई, पहाटेची भाकरी फडक्यात बांधून एकटीच दुबईला निघाली. केरबानं भावकीदेखत बजावलं, "पोचल्यावर भाकरी दुमडून दाव. तुटली, तर सोयरीक तुटली!" संध्याकाळी दुबईच्या सोफ्यावरून चिमणाबाईचा व्हिडिओ कॉल आला. सगळी भावकी फोनवर वाकली. तिनं फडकं सोडलं, भाकरी दुमडली, पुन्हा दुमडली आणि रुमालासारखी घडी करून कॅमेऱ्यापुढं धरली. एक चीर नाही. "बघितलासा?" केरबानं चष्मा पुसून फोन नाकाजवळ नेला. "अगं, ही कसली भाकरी? ही तर दुधात मळलेली दशमी हाय!" "व्हय, हाय की! पीठ कशात मळायचं, ते तुमच्या आज्यानं कुठं सांगितलंय?" भावकी खो खो हसली. केरबानं आज्याचं बोलणं मनात पुन्हा उलटसुलट तपासलं. त्यात दुधाला मनाई सापडेना. मोना त्याच्याच तोंडाकडं बघत होती. तिच्याकडं न बघताच तो फोनमध्ये खेकसला, "बास झालं कौतुक. जावयाकडं फोन दे!"