वाफेची चावी
प्रोव्हान्समधल्या लॅव्हेंडरच्या संग्रहालयात ओदेत नवऱ्याला घेऊन आली. फेर्नांनं चाळीस वर्षं लॅव्हेंडरचं तेल काढलं होतं. आता त्याला घरही आठवेना. अंगणात माणसाहून उंच तांब्याचं पिंप अर्धं फुलांनी भरलं होतं. सगळे जण बॉयलर बघून अंगणात परतल्यावर गाइड मुलीनं साखळीनं झाकण खाली आणून पिंपावर बसवलं. "आता वाफ सोडते." ओदेतनं शेजारी पाहिलं. फेर्नां नव्हता. पिंपाच्या शिडीला त्याची काठी टेकवलेली होती. फुलं तुडवायला तो पूर्वी असाच आत उतरायचा. तिनं धावत जाऊन वाफेच्या चावीवरचा मुलीचा हात ओढला. "आजी, भाजेल." "आत माझा नवरा आहे." मुलीनं झाकण उचललं. मांडीभर फुलांत फेर्नां घामाघूम उभा होता. "झाकण कोणी लावलं? तुडवायचंय अजून." "उरलेलं उद्या तुडवू," म्हणत ओदेतनं धरलेला त्याचा हात घरी पोचेपर्यंत सोडला नाही.