खंडेनवमीचे हातमोजे

खंडेनवमीला अवजार पुजायचं, चालवायचं नाही, ही सोलापूरची रीत. पण दुरून यंत्रं चालवायच्या सेंटरचा मुकादम म्हणाला, "अंबूबाई, तुमचं यंत्र परदेशातल्या बंदरावर. इथं पूजा कशाची करणार? जी कामावर येणार नाही, तिची नोकरी गेली."

सगळ्या बाया आल्या. त्यांनी तारांचे हातमोजे चढवले. इथं त्यांची बोटं हलली की समुद्रापार पोलादी हात खोकी उचलत.

"पूजा तिथंच करू," अंबूबाई म्हणाल्या.

साऱ्याजणींनी उचललेली खोकी अलगद खाली ठेवली, मोज्यांना हळदकुंकू लावलं आणि हात जोडले.

पलीकडच्या धक्क्यावर पोलादी हातांची अख्खी रांग हात जोडून उभी राहिली. मुकादमाचा फोन खणखणू लागला.

अंबूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "सांगा त्यांना, आरती व्हायचीय अजून."