दोघांचा अभिप्राय

सानगडीची तृप्ती एका ब्राउझरच्या चाचणी आवृत्त्या वापरून कंपनीला अभिप्राय पाठवायची. दुसऱ्या फोनवरही तपासता यावं म्हणून तिने सासऱ्यांच्या फोनमध्ये तोच ब्राउझर टाकून दिला होता. मागे तिने लिहिलं, "बातम्या वाचून दाखवणारा आवाज फार रेंगाळतो. कोणी ऐकत नाही, काढून टाका."

आज नवी आवृत्ती आली, त्यात तो आवाज खरंच काढलेला. कंपनीने पहिल्यांदाच आपलं ऐकलं, हे सांगायला ती ओसरीत आली. डोळ्यांनी अधू झालेले सासरे फोन कानाशी धरून बसले होते.



"सूनबाई, पेपर वाचनारी पोरगी आज बोलूनच नाही राहिली. काल मी तिले आनखी हळू वाच म्हनलं, त्याचा राग आला असन का तिले?"