एकाच चाकावरचं कुंकू

नवरा बाहेरगावाहून परतायच्या आत गाडी चकाचक करून ठेवायची, म्हणून नीतूने वर्षभर ताडपत्रीखाली उभी असलेली त्याची गाडी टोचन लावून चंद्रकुमारच्या वॉशिंग सेंटरवर आणली. अलॉयची चाकं ब्रेकच्या भुकटीने पार काळी पडली होती. चंद्रकुमारने ती घासघासून आरशासारखी केली. तीन चाकांतून नुसता काळा मळ निघाला. पुढच्या डाव्या चाकाच्या आतून मात्र लालसर पाणी वाहिलं. दसऱ्याला गाडीला कुंकू फासायची लोकांना भारीच हौस, असं पुटपुटत त्याने तेही खरवडून काढलं.

संध्याकाळी नीतू आली. चाकं पाहून हरखली.

“वहिनी, पूजेत एकाच चाकाले एवढं कुंकू कायले थापलं जी?” चंद्रकुमार हसला. “काढता काढता जीव गेला माझा.”

“पूजा कुठची भाऊ! मागच्या दसऱ्याले तं आमच्या घरी सुतक होतं. नवरात्रात सासऱ्याले गोरेगाव रोडवर कोणाची तरी गाडी उडवून गेली. त्या धसक्यानं आमच्या यायनं तेव्हापासून या गाडीले हातच...”

बोलता बोलता ती थांबली. डाव्या चाकाकडे बघत राहिली. चंद्रकुमारच्या हातातला ब्रश हातातच राहिला.

नीतूने एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“भाऊ, त्या चाकाच्या आतून अजून एकदा पाणी मारून द्या.”