उघडलेली हवाईछत्री

नीलांबरीने दोन जुन्या नोंदींच्या प्रती गुप्तेकाकांपुढे ठेवल्या. युद्धात तिच्या बाबांचं लढाऊ विमान समुद्रात पडलं, तेव्हा सोबतच्या विमानात काकाच होते.

"तुम्ही लिहिलंय, विमान हवेतच फुटलं. युद्धनौकेच्या नोंदीत मात्र हवाईछत्री उतरताना दिसल्याचं आहे. पण तुमचा निरोप मिळाला, म्हणून त्यांनी शोध घेतलाच नाही. खरं काय, काका?"

काकांनी कागद बाजूला सारले.

"घाबरून पळालो होतो गं मी. मागे वळून न बघताच कळवून टाकलं."

लहानपणापासून ती याच माणसाच्या खांद्यावर डोकं ठेवून बाबांसाठी रडली होती. तिचं कन्यादानही यानेच केलं होतं.

"वहिनींना सांगू नकोस," काका पुटपुटले.

"मी नाही सांगणार. आई खाली गाडीत बसलीये, तिला वर बोलावते. तुम्हीच सांगा."